मोबाईल वर्गात नेताय ना? मग आदल्या रात्रीच कामाला लागा

पहिल्या वर्षाच्या वर्गात मी पहिल्याच तासाला म्हणतो, "चला, मोबाईल काढा बाहेर," तर अर्धी पोरं घाबरून दप्तर अजून पायाखाली सरकवतात. बारावीपर्यंत मोबाईल दिसला की जप्त, एवढंच माहिती असतं ना त्यांना, आणि घरीही तेच, "मोबाईलमा काय अभ्यास व्हस का रे पोऱ्या?" मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात कॉलेजला तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवतो, आणि सात वर्षांत एवढं कळलंय की व्हस, म्हणजे होतो, अभ्यास व्हस, पण तो वर्गात मोबाईल उघडल्यावर सुरू होत नाही. आदल्या रात्री तुम्ही त्यात काय भरून ठेवलं त्याच्यावर सगळं आहे.

कारण वर्गात नेट नसतं. म्हणजे असतं, पण नसतं. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने एक व्हिडिओ थेट नेटवरून लावायला गेलो, पुढे सत्तर पोरं, आणि स्क्रीनवर तो गोल फिरतोय फिरतोय, शेवटी मागच्या बाकावरून कोणीतरी "सर, घुगऱ्या शिजून जातील एवढ्यात" म्हटलं आणि तास तिथेच संपला. तेव्हापासून माझा एकच नियम, वर्गात नेट नाहीच असं धरून यायचं, आणि खाली जे काही सांगतोय ते सगळं याच हिशोबाने.

आधी एक छोटी गोष्ट. प्रत्येक सरांना, मॅडमना पहिल्याच आठवड्यात सरळ विचारून घ्या की तुमच्या तासाला मोबाईल चालेल का, फळ्याचा फोटो चालेल का, आवाज रेकॉर्ड केला तर चालेल का. तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात आणि न विचारता रेकॉर्डिंग करणं हे चुकीचंच आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये तर मोबाईल न्यायचाच नाही, बंद करून खिशात ठेवला तरी कॉपी केसच.

कोणतं यंत्र घ्यायचं

दरवर्षी कोणी ना कोणी सांगतं, "सर, कापसाचे पैसे आले की लॅपटॉप घेतो." भाऊ, थांब. बीए, बीकॉम आणि बीएस्सीच्या बऱ्याचशा कामाला हातातला मोबाईल पुरतो, त्यासाठी बापाला हप्त्यात अडकवू नका. मोबाईलला ओटीजी, म्हणजे यूएसबीची वायर जोडायची छोटी पिन, लावून साधा वायरचा कीबोर्ड जोडता येतो, तोही नवा घ्यायची गरज नाही, बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा पडलेला असतो कोणाकडेतरी, आणि मग दहा पानांचा प्रोजेक्ट मोबाईलवर आरामात टाईप होतो. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना लॅपटॉप लागेल हे खरं, पण त्यांनाही पहिलं वर्षभर गुगल कोलॅबवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकता येतं, कारण प्रोग्राम तिकडे गुगलच्या मशीनवर चालतो, तुमच्या फोनवर नुसतं दिसतं. याला मात्र नेट लागतं, म्हणून ते घरी करायचं काम. जुना लॅपटॉप मिळत असेल तर एकच बघा, आत फाईली साठवायला फिरणारी हार्ड डिस्क आहे की वेगवान चिपवाली एसएसडी, हार्ड डिस्क असेल तर ती बदलून एसएसडी टाकली की मेलेला लॅपटॉपही चालायला लागतो. बाकी प्रोसेसर कोणत्या पिढीचा वगैरे गप्पा दुकानदाराला मारू द्या.

फोनमध्ये रॅमपेक्षा पोरांना जागेची अडचण जास्त येते. स्टोरेज फुल्ल, का, तर फॅमिली ग्रुपवरचे गुड मॉर्निंग आणि लग्नाचे व्हिडिओ. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन मीडिया आपोआप डाऊनलोड होणं बंद करा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

आदल्या रात्री

हा भाग नीट वाचा. उद्याचं वेळापत्रक काढा, कोणते तास आहेत बघा, आणि त्या त्या विषयाचं लागणारं घरी नेट असताना उतरवून ठेवा. गुगल ड्राइव्हमध्ये फाईलच्या बाजूच्या तीन ठिपक्यांवर दाबलं की ऑफलाईन ठेवायचा पर्याय येतो, तो दाबा आणि मग एकदा फोन फ्लाईट मोडवर टाकून फाईल उघडते का बघा. हे शेवटचं कोणीच करत नाही. मग वर्गात "सर, काल तर उघडत होती" म्हणतात. काल नेट होतं, बाळा.

व्हिडिओचा हिशोब असा, ४८० च्या क्वालिटीत तासाभराचं लेक्चर साधारण अर्ध्या जीबीच्या आसपास खातं आणि तेच १०८० ला पाहिलं तर दीड-दोन जीबी, म्हणजे दिवसाचा डेटा एका लेक्चरमध्ये साफ. फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाला एवढं चकचकीत बघून काय करायचंय, ३६० ला अक्षर वाचता आलं की झालं. एनपीटेल म्हणजे आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची लेक्चरं, ती त्यांच्याच साईटवरून फुकट उतरवता येतात. स्वयम्‌वर, म्हणजे सरकारच्या ऑनलाईन कोर्सच्या साईटवर, कोर्स करत असाल तर ते नुसतं ज्ञान म्हणून नाही, यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून घ्यायला विद्यापीठ परवानगी देऊ शकतं, तेव्हा क्रेडिट धरतात का हे कॉलेजात आधी विचारा आणि मगच परीक्षेची फी भरा.

धडगाव, अक्कलकुव्याकडून येणारी पोरं शनिवारी घरी जातात आणि सोमवारी परततात, मध्ये दोन दिवस डोंगरात रेंज मिळाली तर मिळाली. त्यांच्यासाठी किविक्स नावाचं ॲप आहे. एकदा कॉलेजच्या वायफायवर आख्खा मराठी विकिपीडिया फाईल म्हणून उतरवून घ्यायचा, मग नेटशिवाय त्यात शोधता येतं, वाचता येतं. इंग्रजीचा मात्र फार मोठा आहे, त्यातले विषयवार छोटे तुकडे मिळतात ते घ्या. माझ्या एका विद्यार्थ्याने ही फाईल गावात चार जणांना देऊन टाकली, मला फार बरं वाटलं ते.

फाईल एकमेकांना द्यायला नेट लागत नाही हेही पुष्कळांना नवीन असतं. शेअरइट, झेंडर हे २९ जून २०२० ला बंदी आलेल्या ५९ ॲपमध्ये गेले, पण अजूनही कोणाकोणाच्या फोनमध्ये कुठून कुठून टाकलेले सापडतात, ते काढून टाका. ॲन्ड्रॉइडमध्येच क्विक शेअर आहे, ब्लूटूथ आणि वायफाय चालू ठेवले की समोरच्याला फाईल जाते, डेटा शून्य. मी तासाच्या सुरुवातीला पहिल्या बाकावरच्या दोघांना देतो, ते मागे देत जातात, अगदी पंगतीत पत्रावळ्या पुढे सरकवतात तसं.

ऊन आणि लाईट

हे पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेल्या माहितीत सापडणार नाही. फोन बनवणारे साधारण ० ते ३५ अंश तापमानात फोन वापरा म्हणतात. आपल्याकडे ३५ अंश म्हणजे सकाळचे दहा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ च्या पुढे पारा जातो, आणि गाडीच्या डिक्कीत ठेवलेला फोन म्हणजे तव्यावरची भाकरी. तापला की तो आपोआप मंद होतो, स्क्रीन अंधुक होते, चार्जिंग थांबतं, तो बिघडलेला नसतो, स्वतःला वाचवत असतो. कव्हर काढा, चार्जर काढा, डेटा बंद करा, सावलीत पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, आत दव जमतं आणि मग खरंच बिघडतो. एकाने माठाला टेकवून ठेवलेला मी डोळ्याने पाहिलाय, तेही नको.

लाईटचं तर काय सांगायचं. कॉलेजात एका वर्गात प्लग दोन, त्यातला एक सैल. घरून फोन पूर्ण चार्ज करून निघा आणि जमलं तर दोघा-तिघांत मिळून एक पॉवर बँक घ्या. १०,००० एमएएच लिहिलेली पॉवर बँक ५,००० चा फोन दोन वेळा भरत नाही हां, व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत बरंच जातं, सवा वेळा धरा. तासाला बसताना ब्राइटनेस कमी, लोकेशन बंद, तेवढ्यावर दिवस निघतो.

वर्गात बसल्यावर

नोट्स हाताने, वहीतच लिहा. फिजिक्सचं डेरिव्हेशन मोबाईलवर टाईप करत बसलात तर सर पुढच्या चॅप्टरला गेलेले असतात. मोबाईल कशासाठी, तर पुस्तक म्हणून, कॅल्क्युलेटर म्हणून, आलेख काढायला, मोजमाप घ्यायला. एका वेळी एकच काम आणि काम झालं की बाकावर पालथा ठेवायचा. डू नॉट डिस्टर्ब लावाच. ॲन्ड्रॉइडमध्ये ॲप पिन करायची सोय पण आहे, सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये सापडते, एकच ॲप स्क्रीनवर अडकवून ठेवतं, बाहेर पडायला मुद्दाम खटाटोप करावा लागतो, आणि तेवढ्या खटाटोपात इन्स्टाची आठवण जाते. आणि "मी बघतोय तर माझं नुकसान, दुसऱ्याचं काय" असं म्हणणाऱ्यांसाठी, कॅनडात २०१३ साली आलेल्या एका अभ्यासात लेक्चरमध्ये लॅपटॉपवर इकडचं तिकडचं करणाऱ्यांना तर कमी मार्क पडलेच, पण ज्यांना ती स्क्रीन दिसत होती त्यांनाही कमी पडले. मागच्या बाकावर बसून रील बघणारा निदान दुसऱ्याचं बिघडवत नाही, पुढच्या बाकावरचा बिघडवतो.

फळ्याचा फोटो काढायचा तर सरांनी पुसायच्या आधी, समोरून, झूम न करता, आणि खिडकीची चमक येत असेल तर बाजूला सरकून. त्याच रात्री तो वहीत उतरवायचा आणि डिलीट. नाहीतर सेमिस्टरच्या शेवटी गॅलरीत दोन हजार फोटो असतात, मध्ये मध्ये बहिणीच्या हळदीचे, आणि कोणता फळा कोणत्या विषयाचा हे देवालाच माहीत.

जर्नलची, असाइनमेंटची पानं पाठवायची असतात तेव्हा नुसता फोटो पाठवू नका. कॅमस्कॅनर त्याच २०२० च्या बंदीत गेलं, पण गुगल ड्राइव्हमध्येच कॅमेऱ्याचं चिन्ह आहे, त्याने पान स्कॅन होऊन सगळी पानं एका पीडीएफमध्ये बसतात. फाईलला नाव द्या, रोल नंबर, विषय, तारीख. माझ्याकडे एकाच दिवशी "स्कॅन १" नावाच्या एकोणीस फाईली आल्यात, कोणाची कोणती शोधायला रविवार गेला माझा. फोटोच पाठवायचा असेल तर व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते फोटो बारीक करून टाकतं आणि वर्गमूळाच्या आतलं काही दिसत नाही.

मराठीत टाईप करणाऱ्यांचा वेगळाच वैताग. कोणीतरी श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये केलेली जुनी फाईल पाठवतं आणि मोबाईलवर उघडली की सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. फाईल खराब नाही, तो फॉन्ट तुमच्याकडे नाही. ज्याने पाठवली त्याला पीडीएफ करून मागा, किंवा युनिकोड कन्व्हर्टर मिळतात त्यात टाकून बघा, जोडाक्षरं मात्र तपासून घ्या. तुम्ही स्वतः जीबोर्डवर मराठी टाईप केलंत तर ते युनिकोडच असतं, कुठेही उघडतं. बोलून टाईप करायची सोयही झकास आहे, फक्त अहिराणीत बोललात तर ते काहीच्या काही लिहून ठेवतं.

आवाजाचा वेग, दोन मोबाईल आणि एक कॉरिडॉर

आता माझ्या आवडीचं. प्रत्येक फोनमध्ये माईक आहे, वेगातला बदल मोजणारा ॲक्सेलरोमीटर आहे, म्हणजे प्रत्येकाच्या खिशात अर्धी प्रयोगशाळा आहे. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने फायफॉक्स नावाचं ॲप केलंय, फुकट आहे, नेट लागत नाही, एकदा टाकून ठेवा. त्यात अकूस्टिक स्टॉपवॉच आहे, आवाज आला की घड्याळ सुरू, परत आवाज आला की बंद.

कॉरिडॉरमध्ये टेपने बरोबर १० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना एकेक फोन ठेवा, प्रत्येकाजवळ एकेक जण. दोन्हीत स्टॉपवॉच तयार ठेवा. पहिल्याने आपल्या फोनच्या अगदी जवळ टाळी वाजवायची, त्याचं घड्याळ लगेच सुरू होतं आणि लांबच्याचं जरा उशिरा, कारण आवाज तिथे पोहोचायला वेळ लागतो. दोन-तीन सेकंद थांबून दुसऱ्याने आपल्या फोनजवळ टाळी वाजवायची, आता त्याचं लगेच थांबतं आणि पहिल्याचं उशिरा. म्हणजे पहिल्या फोनची वेळ जास्त येणार, आणि दोन्ही वेळांतला फरक म्हणजे आवाजाला २० मीटर जायला लागलेला वेळ. २० ला त्या फरकाने भागा, झाला वेग. दोन फोनची घड्याळं जुळवायची भानगडच नाही, ही यातली गंमत, मला स्वतःला हे समजायला कागदावर दोनदा मांडावं लागलं होतं.

पहिल्यांदा भलतंच उत्तर येणार. वेळेतला फरक येतो ०.०५७ सेकंदाच्या आसपास, त्यात ५ मिलिसेकंद इकडे तिकडे झाले की ३५० चे सव्वातीनशे होतात. टाळी फोनपासून हातभर लांब वाजवली की चूक, पंख्याच्या आवाजानेच घड्याळ सुरू झालं की चूक, त्यासाठी थ्रेशोल्ड, म्हणजे किती मोठ्या आवाजाला घड्याळ सुरू व्हायचं ती मर्यादा, वाढवायचा, आणि बाहेरून कापसाच्या ट्रॅक्टरने हॉर्न मारला तर तो प्रयत्न सोडून द्यायचा. दहा वेळा घ्या, सरासरी काढा.

आणि आता पुस्तकाशी ताडून पाहा. पुस्तकात ३४३ मीटर प्रति सेकंद लिहिलेलं असतं, ते २० अंशाला. तापमान एका अंशाने वाढलं की वेग साधारण ०.६ ने वाढतो, म्हणजे आपल्या ४४ अंशाच्या दुपारी तो ३५७ च्या जवळ जातो. तुमचं उत्तर ३५० च्या वर आलं म्हणून खाडाखोड करून ३४३ करू नका, वर्गातलं तापमान लिहा शेजारी! माझ्या पोरांना मी हाच प्रयोग जानेवारीच्या सकाळी सातला आणि एप्रिलच्या दुपारी असा दोनदा करायला लावतो, फरक वहीत दिसतो.

याच ॲपमध्ये लंबकाचाही प्रयोग आहे पण त्याला जायरोस्कोप, म्हणजे फोन किती फिरला ते मोजणारा सेन्सर, लागतो आणि स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये तो नसतो, तुमच्यात नसेल तर ॲपच सांगतं. नसला तर नसला, तिघांचा ग्रुप करा, कोणा एकाच्या फोनमध्ये असेल.

बाकीच्या विषयांचं थोडक्यात. गणितवाल्यांनी आलेख काढायचं जिओजेब्रा ॲप टाकून ठेवा. बॉटनीवाल्यांनी पानाचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं. कॉमर्सवाल्यांनी घरच्या केळीच्या बागेचा जमाखर्च गुगल शीट्समध्ये मांडून पाहावा, पुस्तकातल्या बनावट कंपनीपेक्षा जास्त डोक्यात जातं. आणि मराठीवाल्यांनो, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, तिला विचारून, रेकॉर्ड करून ठेवा, फिल्डवर्कला याच्यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही.

ज्यांच्याकडे नाही त्यांचं काय

वर्गात चार-पाच जणांकडे स्मार्टफोन नसतोच, आणि काही मुलींकडे असतो तो वडिलांचा, संध्याकाळी दोन तास मिळणारा. म्हणून माझ्याकडे तिघांत एकच फोन काढायचा असतो, सगळ्यांकडे असले तरी. एक फोन हाताळतो, एक मोजतो, एक लिहितो, आणि दर तासाला अदलाबदल, त्यामुळे कोणाकडे नाही हे दिसतच नाही. घरचा एकच फोन असेल तर कॉलेजसाठी वेगळं गुगल अकाउंट काढा, १५ जीबी जागा फुकट मिळते, आणि नोट्स तिथे चढवून ठेवल्या की घरातल्या कोणी फोटो साफ करायला घेतले तरी तुमच्या नोट्स जात नाहीत. काही फोनमध्ये एकापेक्षा जास्त युजर ठेवायची सोय असते, ती असली तर उत्तमच.

एआयबद्दल विचाराल तर, गणित अडलं की ते समजावून घ्यायला वापरा, मी पण वापरतो. पण उत्तर आधी स्वतः काढून मग. एका पोरीने बहिणाबाईंवर निबंध लिहून आणला, त्यातल्या चार ओळी एआयने स्वतःच रचलेल्या होत्या. बहिणाबाईंच्या नावाने! ज्या विद्यापीठाच्या नावातच बहिणाबाई आहेत तिथे हे खपेल का?

फोन हरवला तर

एसटीत चढताना गर्दीत फोन जातो, बाजाराच्या दिवशी तर हमखास. स्क्रीनलॉक ठेवा, फाइंड हब (आधीचं फाइंड माय डिव्हाइस) चालू ठेवा. गेलाच तर आधी सिम बंद करून त्याच नंबरचं दुसरं घ्या, मग पोलिसांत तक्रार, आणि त्या तक्रारीची प्रत जोडून संचार साथी या सरकारी साईटवर फोन ब्लॉक करता येतो, मग तो दुसऱ्या सिमवरही चालत नाही. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन. नंबर मात्र तोच ठेवा, नवीन ऑफर आली म्हणून सिम बदलत फिरू नका, कारण कागदपत्रं ठेवायच्या सरकारी डिजिलॉकरमध्ये आधार जोडताना ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो, आणि परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी बंद पडलेल्या नंबरसाठी आधार केंद्राच्या रांगेत उभी असलेली पोरं दरवर्षी दिसतात मला.

ब्लॉक करायला आयएमइआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो येतो. आत्ताच दाबा आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. आणि त्या पानाचा फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवू नका, असं करणारेही भेटलेत मला.